सौरज्वालांचे तापमान आणि क्ष-किरण तेजस्विता : सहसंबंधाच्या अर्थनिर्णयाची चिकित्सा

प्रास्ताविक :
सौरज्वालांचे सी, एम व एक्स हे वर्ग अमेरिकेच्या गोज उपग्रहमालेने १ ते ८ अँगस्ट्रॉम या तरंगलांबीत मोजलेल्या क्ष-किरण प्रवाहावरून ठरतात. प्रत्येक वर्गाची आरंभमर्यादा आधीच्या वर्गाच्या दहापट असते. मोठ्या ज्वाला सामान्यतः अधिक तप्त असतात, हे निरीक्षणसिद्ध आहे. मात्र त्यावरून ‘तापमान वाढले म्हणूनच तेज वाढले’ असे अनुमान काढले जाते. प्रस्तुत लेखात या अनुमानाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
सी१ पासून एक्स१ पर्यंत तेजस्विता शंभरपट होते; तापमान मात्र सुमारे १ कोटी केल्विनवरून २ कोटींच्या आसपास, म्हणजे साधारण दुप्पट होते. उर्वरित वाढ मुख्यत्वे उत्सर्जन-परिमाणाची, म्हणजे इलेक्ट्रॉन-घनतेचा वर्ग व प्लाझ्माचे आकारमान यांच्या गुणाकाराची असते.

कालक्रमही हेच सुचवितो. तापमानाचे शिखर आधी येते, तेजाचे नंतर आणि उत्सर्जन-परिमाणाचे बहुधा शेवटी. वर्णगोलातील प्लाझ्मा तापून वर चढतो व चुंबकीय कमानी भरतो. त्यामुळे तापमान उतरू लागल्यावरही तेज काही काळ वाढत राहते.

पद्धतीविषयीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. गोजच्या नोंदींवरून तापमान काढताना दोन पट्ट्यांतील प्रवाहांचे गुणोत्तर घेतले जाते आणि संपूर्ण प्लाझ्मा एकाच तापमानाचा असल्याचे गृहीत धरले जाते. वर्गही त्यांपैकीच एका पट्ट्यावरून ठरतो. म्हणजेच आलेखाचे दोन्ही अक्ष परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्र नाहीत. ज्वालेपूर्वीचा पार्श्वप्रवाह वजा न केल्यास लहान ज्वालांची मूल्ये विशेष बिघडतात. शिवाय गोज-८ ते गोज-१५ यांच्या जुन्या नोंदींतील ०.७ हा गुणक न काढता त्या नव्या नोंदींत मिसळल्यास तुलनाच सदोष ठरते.

यावर उपाय वर्णपटाचा आहे. २००३ मध्ये जीसॅट-२ वरून गेलेल्या ‘सॉक्स’ने लोहाच्या सुमारे ६.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या रेषासमूहाची नोंद केली. चांद्रयान-२ वरील ‘एक्सएसएम’ने २०१९-२० च्या शांत सूर्यावरील ए वर्गाहूनही क्षीण अशा ९८ सूक्ष्मज्वाला टिपल्या. २०२३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या आदित्य-एल१ वर ‘सोलेक्स’ व ‘हेलिओस’ हे क्ष-किरण वर्णपटमापक आहेत. पुण्याच्या आयुकाने साकारलेली ‘सूट’ दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये ज्वालेचे खालच्या थरांतील स्थान दाखवते.

निष्कर्ष :
सहसंबंध खरा आहे, परंतु तो कार्यकारणभाव नव्हे. दोहोंच्या मुळाशी मुक्त झालेली चुंबकीय ऊर्जा आहे. सोलापूरसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांना अशा अभ्यासासाठी वेधशाळेची गरज नाही, नोंदी खुल्या आहेत. आवश्यकता आहे ती आलेख काढण्यापूर्वी प्रत्येक अक्षावरील संख्या कशी मिळाली, हे विद्यार्थ्यांना विचारण्याची.