टकळी आणि अर्धा तास

हाताने काम केले की विज्ञान आपोआप येते, असे आपण शिक्षक पुष्कळदा धरून चालतो. हे कितपत खरे आहे, ते तपासायला वर्ध्याइतके योग्य ठिकाण नाही. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने डिसेंबरात आपला अहवाल दिला. सात ते चौदा वर्षांच्या मुलांना मातृभाषेतून आणि एका उत्पादक उद्योगाच्या आधाराने शिकवावे, ही ती 'वर्धा योजना'.

तिचे वेळापत्रक आजही वाचण्यासारखे आहे. रोजच्या साडेपाच तासांपैकी मूलोद्योगाला 3 तास 20 मिनिटे, तर सामान्य विज्ञान व समाजविषय यांना मिळून 30 मिनिटे! समितीची भूमिका अशी की, विज्ञान उद्योगातूनच उलगडत जावे. यालाच समवाय म्हणत. कल्पना मोलाची होती. पण मुलाच्या स्वतःच्या प्रश्नासाठी या वेळापत्रकात वेगळी जागा नव्हती. आर्थिक बाजूवर भर पडून शैक्षणिक हेतू मागे पडण्याचा धोका खुद्द समितीनेच बोलून दाखवला होता. सूत किती निघाले हे मोजणे सोपे. मुलाला काय उमगले हे मोजणे अवघड.

एक उदाहरण घेऊ. वर्ध्याच्या कोरड्या उन्हाळ्यात टकळीवरचा धागा वरचेवर तुटतो, असे नववीतल्या एखाद्या मुलीच्या लक्षात आले. दोष पेळूचा, हाताचा की हवेचा? तिने एकाच दिवशी कातलेल्या सुताचे सारख्या लांबीचे चाळीस तुकडे करावेत. वीस मार्चमध्ये तपासावेत, वीस ऑगस्टमध्ये. तुकड्याला डबी टांगून धागा तुटेपर्यंत तीत वाळू घालावी आणि डबीसह वाळूचे वजन करावे. एका तुकड्यावरून काही ठरत नाही, म्हणून सरासरी काढावी. दोन साधे तापमापक घेऊन एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले की हवेतील आर्द्रताही तक्त्यावरून काढता येते.

कापूस हवेतील ओलावा शोषतो आणि ओलाव्याने त्याचा धागा अधिक मजबूत होतो. म्हणूनच सूतगिरण्यांत हवा दमट ठेवतात. पण खरे शिक्षण याच्या पुढे आहे. वर्गातला एखादा मुलगा उठून विचारील, "पाच महिन्यांत सूत जुने झाले, त्याचे काय?" शंका रास्त आहे. मग प्रयोग बदलावा लागेल : एकाच दिवशी निम्मे तुकडे पाण्याची वाटी ठेवलेल्या बंद डब्यात, निम्मे उघड्या हवेत. ही दुरुस्ती मुलांनी स्वतः सुचवली, की त्यांना पद्धत कळली असे समजावे.

आता आपल्या आजच्या प्रयोगवह्या पाहू. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण 9.8 यायला हवे हे आधीच ठाऊक असते. वाचने मागाहून जुळवली जातात. प्रकल्पाच्या तयार वह्या विकत मिळतात. येथेही हात चालतात, पण प्रश्न दुसऱ्याचा आणि उत्तर ठरलेले. त्यातून मूल विज्ञानापेक्षा लबाडी लवकर शिकते. दोष मुलांचा नाही. 'चुकीच्या' वाचनाला गुण कापणारे आपणच आहोत.

1937 च्या समितीने उद्योगाला शाळेत मानाचे स्थान दिले, हे तिचे ऋण मानायलाच हवे. राहिलेले काम मात्र वेळापत्रक करणार नाही, ते शिक्षकाचे आहे. सूत नसेल तर शाळेजवळची विहीर आहे, कपाशीचे शेत आहे. आठवड्याचा एक तास मुलांच्या प्रश्नासाठी राखावा. आणि अपेक्षेविरुद्ध आलेले वाचन वहीत खाडाखोड न करता तसेच राहू द्यावे. पुढच्या तासाची सुरुवात त्यावरूनच करता येईल.