खाली काय आहे? : पडद्यावरचे उत्खनन आणि वांद्र्याची लोकस्मृती

हिंदी चित्रपटातला पुरातत्त्वज्ञ जमीन उकरतो तो पुराव्यासाठी. त्याला एकच उत्तर हवे असते आणि शेवटच्या रिळापर्यंत ते सापडतेही. खऱ्या उत्खननात थराखाली थर लागतो, आणि खालच्या थरामुळे वरचा खोटा ठरत नाही. हा फरक केवळ कलेचा नाही, असे आम्हाला वाटते.

आशुतोष गोवारीकरांचा ‘मोहेंजो दारो’ (२०१६) घ्या. सिंधू संस्कृतीतील नगरांचा ऱ्हास दीर्घकाळ चालला होता. चित्रपटात तो एका महापुरात आटोपतो आणि वाचलेली माणसे गंगेकाठी पोहोचतात. सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही. त्या मौनाच्या जागी चित्रपटाने वंशावळ बसवली. ‘राम सेतु’ (२०२२) मधला पुरातत्त्वज्ञ नास्तिक म्हणून निघतो आणि न्यायालयात श्रद्धेची बाजू मांडतो. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ (१९८८) या दूरदर्शन मालिकेत निदान शंकेला जागा होती. पुढे ती आक्रसत गेली.

आपल्या समाजाला ही गोष्ट विशेष बोचते. २००३ साली अयोध्येत न्यायालयाच्या आदेशाने उत्खनन झाले. मशिदीखालची वास्तू पाडून मशीद उभारली, असे त्या अहवालावरून सिद्ध होत नाही, हे २०१९ च्या निकालपत्रातही नोंदलेले आहे. पण पडद्यावरच्या उत्तरांना सरावलेल्या मनाला असे बारकावे ऐकू येत नाहीत. ‘खाली काय आहे’ हा अभ्यासकाचा प्रश्न होता. आज तो धमकीसारखा विचारला जातो.

म्हणून वांद्र्याकडे पाहावे. तिथला किल्ला पोर्तुगीजांनी १६४० साली बांधला. तो सनही दारावर कोरलेला आहे. हिंदी चित्रपटाला हा किल्ला दिसला तो गाण्यापुरता, प्रेमी जोडप्यापुरता. २००९ नंतर पार्श्वभूमीला सागरी सेतूही मिळाला. त्या कोरीव अक्षरांपाशी कॅमेरा थांबल्याचे आम्हाला स्मरत नाही.

किल्ल्याजवळच्या टेकडीवर मोत माउली. १७०० च्या सुमारास अरब चाच्यांनी मूर्तीचा हात तोडला आणि पुढे एका कोळ्याला स्वप्नात दृष्टांत होऊन मूर्ती समुद्रात सापडली, अशी कथा आहे. एखाद्या पटकथाकाराने यातले अरब चाचे तेवढे उचलले असते. लोकांनी कोळ्याचे स्वप्न उचलले. आजची चर्चची इमारत १९०४ ची, वास्तुकार शापूरजी चंदाभॉय हे पारशी. सप्टेंबरच्या जत्रेत मेणबत्त्या घेऊन सर्व धर्मांची माणसे चढतात, त्यांत मुसलमान आयाबायाही असतात. चाचे अरब होते म्हणून त्यांना कोणी हटकत नाही.

खाडी ओलांडली की माहीम. तिथे कुराणाचे भाष्यकार मखदूम अली माहिमी यांचा दर्गा. पोलीस ठाणे ज्या जागी आहे तिथे बाबांची बैठक होती, अशी लोकश्रद्धा आहे. म्हणजे ‘खाली काय आहे’ याचे उत्तर इथेही लोकांनी देऊन ठेवले आहे. पण ठाणे हटवा, असे कोणी म्हणत नाही. उलट उरुसाचा पहिला मान पोलिसांचा, आणि त्यांचा संदल वाजतगाजत दर्ग्यावर जातो. वरचा थर खालच्या थराला सलाम करतो, असे हे दृश्य आहे. त्यावर कोणी चित्रपट का काढू नये?

लोककथा म्हणजे इतिहास नव्हे, हे मान्य. तिचाही शस्त्रासारखा वापर होतो. पण तिला सहवासाची सवय असते आणि ती दगडातही उमटते. अलिबागजवळच्या नागावच्या जुन्या मराठी शिलालेखात शके १२८९ बरोबर हिजरी ७६९ हा सनही कोरलेला आहे. एकाच वर्षाची दोन नावे एकाच दगडावर, आणि भाषा मराठी! आपल्या मराठीपणाचा दाखला मागणाऱ्यांना याहून निराळे काय दाखवावे?

आपल्या लेखकांनी अशा दगडांकडे आणि कथांकडे वळले पाहिजे. पडद्यावरच्या पुराव्याला उलट पुराव्याने उत्तर देण्यात शक्ती खर्ची पडते, आणि प्रश्न विचारण्याची रीत मात्र त्यांचीच राहते. वांद्रे-माहीमच्या माणसांनी ती रीत न स्वीकारता खालच्या थराचा मान राखला आहे. तेवढे जरी आपण नीट लिहून ठेवले, तरी पुढच्या पिढीच्या हाती काही लागेल.