व्यायामाची भाषा : आकडा आणि अवधान
(बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे सूर्यनमस्कारविषयक लेखन आणि बी. के. एस. अय्यंगार यांची ‘योगदीपिका’)

व्यायामविषयक पुस्तकांकडे मराठी समीक्षेने साहित्य म्हणून क्वचितच पाहिले आहे. ही पुस्तके उपयोगासाठी वाचली जातात आणि उपयोग सरला की माळ्यावर जातात. वस्तुतः शरीराने काय करावे हे शब्दांत सांगणे ही गद्याची एक कठीण परीक्षा आहे. ‘गुडघा वाकवा’ असे लिहिणे सोपे असते. गुडघा वाकत असताना वाचकाचे लक्ष गुडघ्यापाशीच राहील असे लिहिणे मात्र फार थोड्यांना साधते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या कसोटीवर दोन ग्रंथकारांचा विचार करावयाचा आहे. एक, औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) आणि दुसरे, १९३७ साली योगशिक्षक म्हणून पुण्यात आलेले व पुणेकरच झालेले बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४). सूर्यनमस्कार व योगासने आज एकाच वर्गात शिकविली जात असली, तरी १९३० च्या दशकात हे दोन प्रवाह वेगळे मानले जात, ही गोष्ट मार्क सिंगलटन यांच्या ‘योगा बॉडी’ (२०१०) या ग्रंथाने अभ्यासकांच्या नजरेस आणून दिली आहे. म्हणूनच ही तुलना दोन व्यायामप्रकारांची नसून शरीराशी बोलण्याच्या दोन रीतींची आहे.

बाळासाहेबांचा या विषयातील प्रवास लक्षणीय आहे. प्रथम त्यांनी युजीन सँडो या युरोपीय बलोपासकाच्या पद्धतीने सुमारे दहा वर्षे व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहावरून ते नमस्कारांकडे वळले. साधने सुटली, पण शरीराकडे पाहण्याची सँडोची दृष्टी पूर्णपणे सुटली असे म्हणता येत नाही. सँडोचे शरीर हे पाहणाऱ्यासाठी घडविलेले शरीर होते. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, ‘चित्ररामायण’ हे त्यांचे काम प्रसिद्धच आहे. त्यांच्या नमस्कारविषयक लेखनातही चित्रकाराचा डोळा जाणवतो. दहा स्थिती, प्रत्येक स्थितीचे छायाचित्र आणि त्या चित्राबरहुकूम आपले शरीर बसविणारा वाचक अशी ही रचना आहे. लंडनहून १९३८ साली लुईझ मॉर्गन यांच्या संपादनाने निघालेल्या इंग्रजी आवृत्तीच्या शीर्षकातच ‘टेन-पॉइंट’ हा शब्दप्रयोग आला, हा केवळ प्रकाशकीय योगायोग मानता येणार नाही. या लेखनाचा कणा संख्या हाच आहे. वयाप्रमाणे आकडा वाढत जातो आणि प्रौढांसाठी तो शेकड्यांवर पोहोचतो.

तथापि एवढ्यावर निकाल देणे अन्यायाचे ठरेल. नमस्कार मोजण्याची जी रीत बाळासाहेबांनी परंपरेतून उचलली, तीत प्रत्येक नमस्काराला सूर्याचे एक नाव आणि त्यापूर्वी बीजमंत्र येतो. मित्र, रवी, सूर्य, भानू या क्रमाने नाव उच्चारल्याखेरीज नमस्कार पुढे सरकत नाही. म्हणजे येथे आकडा कोरडा राहत नाही. प्रत्येक आवर्तनाला एक चेहरा मिळतो आणि भरकटलेले मन नाव घेण्यापुरते तरी परत यावे लागते. अवधानाची ही फार जुनी व साधी युक्ती आहे. दुर्दैवाने लेखकाला तिच्या या गुणाचे मोल पुरेसे वाटलेले दिसत नाही. मंत्रोच्चाराच्या कंपनांमुळे निरनिराळ्या अवयवांना आरोग्य लाभते असे समर्थन तो पुढे करतो, रोगनिवारणाची आश्वासने देतो आणि नामस्मरणाला औषधाच्या मात्रेचे रूप येते. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने व मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपविणाऱ्या या राजाने आपल्या संस्थानातील शाळांत नमस्कार मात्र सक्तीचे केले होते. सत्तेचा मोह सुटला, शिस्तीचा सुटला नाही. सक्तीने घातलेल्या नमस्कारात आकडा पुरा होतो. अवधान पुरे झाले की नाही हे तपासण्याचे साधन कोणत्याही शिक्षणखात्याजवळ नसते.

‘लाइट ऑन योगा’ (१९६६) हा अय्यंगारांचा मूळ इंग्रजी ग्रंथ मराठीत ‘योगदीपिका’ या नावाने आला. छायाचित्रांची संख्या पाहता हा ग्रंथ औंधच्या पुस्तकापेक्षाही अधिक ‘चित्रमय’ आहे. जवळजवळ सहाशे छायाचित्रे त्यात आहेत. तरीही त्याचे गद्य चित्रावर विसंबत नाही. आसनांचा आरंभ ताडासनाने, म्हणजे नुसत्या उभे राहण्याने होतो. येथे अय्यंगार वाचकाला प्रथम त्याच्या पादत्राणांकडे पाहावयास लावतात. माणसे एका पायावर भार देऊन उभी राहतात किंवा सारा भार टाचांवर टाकतात आणि हा दोष झिजलेल्या टाचेवरून ओळखता येतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. बालपणी क्षयासारख्या आजारांनी खंगलेल्या आणि आपले शरीर तुकड्यातुकड्याने कमवावे लागलेल्या माणसाचेच हे निरीक्षण असू शकते. त्यानंतर येणाऱ्या सूचना तळपायावरील भार, गुडघ्याच्या वाट्या, मांड्या, पोट, छाती अशा वर चढत जातात. चित्रात ताडासन म्हणजे उभा असलेला एक माणूस, एवढेच दिसते. जे घडते ते सगळे वाक्यांत घडते. शेवटी शवासनापाशी येऊन हे वरकरणी सोपे आसन साधण्यास अत्यंत कठीण आहे असे लेखक बजावतो, तेव्हा आसनांना १ ते ६० अशी काठिण्याची श्रेणी लावणाऱ्या त्याच्याच आकडेशास्त्राला त्याने दिलेला तो छेद वाटतो.

शरीराचे असे आतून वर्णन करणे मराठीला अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या बैठकीचे जे निरूपण आहे, त्यात टाच कोठे टेकवावी येथपासून आरंभ होऊन पुढे हात आपसूक डाव्या पायावर विसावतात आणि त्यामुळे खांदे उंचावल्यासारखे दिसतात, असा तपशील येतो. यात कर्ता हळूहळू मागे सरतो व शरीर आपोआप जुळू लागते. ‘असे करा’ या आज्ञार्थापासून ‘असे होते’ या वर्तमानकाळाकडे होणारे हे संक्रमण निर्देशात्मक गद्याच्या अभ्यासकाने अवश्य पाहावे असे आहे. बाळासाहेबांच्या लेखनात ते नाही. अय्यंगारांत त्याच्या खुणा आहेत. पण त्यांचा आज्ञार्थ कडक आहे, शिक्षकाचा आवाज कधीच पूर्ण थांबत नाही.

‘योगदीपिका’ निर्दोष आहे असा याचा अर्थ नव्हे. परिशिष्टांतील ३०० आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि रोगांनुसार दिलेली आसनांची यादी पाहता, जो मोह औंधच्या पुस्तकाला झाला तोच येथेही शिरलेला दिसतो. ताठ पाठ आणि पाठदुखी यांचा सरळ कार्यकारणसंबंध आजचे भौतिकोपचारतज्ज्ञ गृहीत धरीत नाहीत. एकच ‘योग्य’ ठेवण असते यापेक्षा एकाच ठेवणीत फार वेळ राहू नये, यावर त्यांचा भर असतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शिका प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. हाही आकडाच, आणि धोरणासाठी तो आवश्यकही आहे. परंतु ती मिनिटे कशी जगावीत याविषयी तो काही सांगू शकत नाही. ते काम भाषेचेच राहते.

२०१५ पासून २१ जून हा दिवस महाविद्यालयांत योगदिन म्हणून साजरा होतो. मैदानावर रांगा लागतात, शिट्टी वाजते आणि अहवालात उपस्थितांची संख्या व छायाचित्रे जातात. औंधच्या पुस्तकातील आकडा आणि आकृती ही दोन्ही येथे शिल्लक राहिली आहेत. गळाले आहे ते प्रत्येक आवर्तनाचे नाव. ज्या अध्यापकाला हा अहवाल लिहावा लागतो तो स्वतः दिवसाचे चार-पाच तास टेबलाला रेलून, बहुधा एकाच पायावर भार देऊन उभा असतो. त्याला योगदीपिकेतील ताडासनाचे पान काढण्यापूर्वी आपल्या पायातील चपलेची टाच उलटी करून पाहता येईल.