संगमरवरातले व्हॉल्व्ह

सेनहायझर या जर्मन कंपनीने २०१५ साली एचई १ जाहीर केला, तेव्हा त्याची किंमत सुमारे ५०,००० युरो होती. त्या वेळच्या दराने पस्तीसेक लाख रुपये. एक हेडफोन आणि त्याचा अँप्लिफायर, एवढ्यासाठी. असे काही बनवावे का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि अजूनही विचारला जातो. किंमत आधी ऐकली की उत्तर तिथेच ठरून जाते. म्हणून ती थोडी बाजूला ठेवून हा अँप्लिफायर जवळून पाहू.

सर्वांत सुंदर गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. हा हेडफोन इलेक्ट्रोस्टॅटिक जातीचा. दोन सच्छिद्र इलेक्ट्रोडच्या मधोमध एक अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो आणि विद्युतदाबाच्या चढउताराने तो हलतो. हा दाब शेकडो व्होल्टचा लागतो. आजवरची रीत अशी की टेबलावरचा अँप्लिफायर तो तयार करणार आणि केबल तो कानापर्यंत नेणार. पण केबललाही स्वतःची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, असते, आणि ती पडद्याच्या धारितेच्या तोडीची असू शकते. म्हणजे अँप्लिफायरच्या कष्टाचा मोठा वाटा केबल भारण्यातच जातो. स्वर जितका तार, तितका हा भुर्दंड जास्त. एरवी यावर उपाय म्हणजे आणखी ताकदवान अँप्लिफायर. सेनहायझरच्या अभियंत्यांनी अँप्लिफायरचे दोन भाग केले. व्हॉल्व्हचा, म्हणजे निर्वात नळ्यांचा, पहिला टप्पा टेबलावर ठेवला आणि उच्च दाबाचा अखेरचा टप्पा थेट हेडफोनच्या कपांत, पडद्याच्या शेजारी नेऊन बसवला. ज्या वाटेवर शक्ती सांडत होती ती वाटच त्यांनी काढून टाकली! त्यातही हा टप्पा क्लास ए पद्धतीचा, म्हणजे त्यातले ट्रान्झिस्टर सतत वाहते असतात, प्रवाह एकाकडून दुसऱ्याकडे सोपवावाच लागत नाही. विरत जाणाऱ्या स्वराच्या शेवटच्या, सर्वांत क्षीण अंशातही सांधा येत नाही. क्लास ए म्हणजे उष्णता, आणि इथे ती कानाला लागून. तरीही ती आवाक्यात ठेवून हा टप्पा तिथे बसवणे, यात मला या यंत्राची खरी प्रतिभा दिसते.

अँप्लिफायर ज्यात बसवला आहे त्या संगमरवराकडे पाहून मात्र कुणालाही हा थाट वाटेल. तो इटलीतल्या काराराचा आहे. मायकेलअँजेलोने ‘डेव्हिड’ ज्या दगडातून घडवला तोच. पण व्हॉल्व्हचा एक स्वभाव ध्यानात घ्या. त्याच्या आतले धातूचे नाजूक भाग कंप पावले की तो कंप विजेत उतरतो आणि संगीतात मिसळतो. व्हॉल्व्ह जणू नकोसा मायक्रोफोन होतो. जड, घट्ट दगड टेबलावरून येणारा कंप शोषून घेतो. उरतो हवेतून येणारा कंप. त्यासाठी आठही व्हॉल्व्हवर क्वार्ट्‌झ काचेच्या कुप्या आहेत. एचई १ चा पूर्वसुरी असलेल्या १९९१ च्या मूळ ऑर्फियसमध्ये, म्हणजे सेनहायझरच्याच, केवळ ३०० संच निघालेल्या एचई ९० मध्ये, अँप्लिफायरचे व्हॉल्व्ह उघड्यावर उभे होते आणि ते दिसायचेही देखणे. नव्या यंत्राने तो देखणेपणा ठेवला, वर त्याला काम दिले. दगड आणि काच दोन्ही दागिन्यासारखी दिसतात आणि दोन्ही राखणीला बसली आहेत, हे एकदा कळले की तो संगमरवर निराळाच दिसू लागतो.

सुरू करण्याचा विधीही पाहण्याजोगा आहे. बटण दाबले की आधी पुढची नियंत्रणे दगडातून बाहेर सरकतात, मग व्हॉल्व्ह संथपणे वर येतात, आणि शेवटी काचेचे झाकण उघडून हेडफोन समोर येतो. यात नाट्य आहे हे उघड आहे, आणि ध्वनीच्या दृष्टीने मोटारींनी व्हॉल्व्ह उचलण्याची काही गरज नाही. तरी मला तो खर्च पटतो. व्हॉल्व्हला तापायला वेळ लागतोच. तो वेळ इथे ऐकणाऱ्याला सावरून बसायला दिला आहे. मैफलीआधी तानपुरे जुळताना आपण असेच हळूहळू गप्प होत जातो. पितळेच्या एकसंध तुकड्यातून कातलेल्या बटणांनाही हीच लय आहे.

डिजिटल ध्वनीचा विद्युतसंकेत बनवणाऱ्या भागाबद्दल फार बोलायला नको. तो उत्तम आहे, पण चिप्स जुन्या होतात. या यंत्रात काळाला सर्वांत आधी हार जाईल तो हाच भाग. त्याउलट पडदा पाहा: जाडी २.४ मायक्रोमीटर, वर प्लॅटिनमचा थर. माणसाचा केस याच्या साधारण तीसपट जाड भरेल. त्याला वस्तुमान म्हणावे असे काही उरतच नाही, म्हणून तो सांगितल्याबरोबर हलतो आणि सांगितल्याबरोबर थांबतो. हे थांबणे अधिक अवघड असते. तबल्याची चाट वाजली आणि तिच्यामागे काहीच रेंगाळले नाही, तर ते श्रेय या थांबण्याचे.

मग बनवावे का? समर्थक सहसा सांगतात की अशा शिखरावरचे ज्ञान पुढे स्वस्त मालात उतरते. ऑर्फियसबाबत हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. कंपनीचे पुढे गाजलेले एचडी ६०० आणि एचडी ८०० हे वेगळ्याच, डायनॅमिक तत्त्वावरचे हेडफोन आहेत. आणि कपात अँप्लिफायर बसवण्याची युक्ती दुकानातल्या साध्या हेडफोनला लागतच नाही. माझे कारण निराळे आहे. केबलने खाल्लेली शक्ती, व्हॉल्व्हला लागणारा कंप या अडचणी या क्षेत्रातल्या सगळ्यांनाच ठाऊक होत्या. किंमत आड येते म्हणून त्या चालवून घेतल्या जात. एचई १ वर सुमारे दहा वर्षे काम झाले, आणि तो जाहीर झाला तेव्हा कंपनी सेनहायझर कुटुंबाच्याच हाती होती, तिसऱ्या पिढीचे दोघे भाऊ तिचे प्रमुख होते. दर तिमाहीला भागधारकांना हिशेब द्यावा लागणाऱ्या कंपनीत इतका धीर निघणे कठीण. पुढे २०२१ मध्ये कुटुंबाने ग्राहकोपयोगी विभाग श्रवणयंत्रे बनवणाऱ्या सोनोव्हा या स्विस कंपनीला विकण्याचे जाहीर केले. त्याआधी हे यंत्र बनून गेले, याचा मला मनापासून आनंद आहे. ते विकत घेणारे मूठभरच असणार. पण केबलचा अडथळा मुळापासून काढला तर काय हाती लागते, हे कुणीतरी एकदा बनवून, वाजवून दाखवायला हवे होते, आणि त्यासाठी ही किंमत मला योग्य वाटते.