इंग्रजीच्या वर्गातील ताल आणि नाट्य

१९७८ साली इंग्रजीच्या अध्यापनासंबंधी दोन छोटेखानी पुस्तके प्रसिद्ध झाली. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने कॅरोलिन ग्रॅहॅम यांचे 'जॅझ चांट्स' काढले, तर केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने ॲलन मॅली आणि ॲलन डफ यांचे 'ड्रामा टेक्निक्स इन लँग्वेज लर्निंग'. ज्यांची ती मातृभाषा नाही अशांना इंग्रजी कलेच्या द्वारा कशी शिकवावी, याची प्रत्यक्ष वर्गात चालता येईल अशी वाट या दोन पुस्तकांनी दाखवली. पुढे या विषयावर पुष्कळ लिहिले गेले. तरी मी पुन्हा पुन्हा वळतो तो यांच्याचकडे. कला शिकवणुकीच्या कामाला जुंपली की तिच्यातले कलापण शिल्लक राहते का, हा प्रश्न ती नकळत आपल्यापुढे ठेवतात.

हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले आणि स्नेहसंमेलनांत इंग्रजी नाटुकल्यांना मानाचे स्थान मिळाले. अशाच एका संमेलनाला मी पाहुणा होतो. मुले खाडखाड बोलत होती, विंगेत उभ्या असलेल्या बाई ओठ हलवीत होत्या आणि पालक टाळ्या वाजवीत होते. कार्यक्रमानंतर राजाचे काम केलेल्या मुलाला मी सोप्या इंग्रजीत विचारले, "आता या मुकुटाचे काय करणार?" त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि आपल्या भाषणाचे पहिले वाक्य म्हणून दाखवले. वाक्य निर्दोष होते. त्या मुलाचा मला राग आला नाही. आपण मोठी माणसे त्याला काय देत आहोत, याची मात्र लाज वाटली.

ग्रॅहॅम न्यूयॉर्क विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवीत आणि पियानोही वाजवीत. या दोन्ही व्यवसायांच्या संगमातून त्यांची कल्पना निघाली. इंग्रजी वाक्यातील काही मोजके अवयव आघाताने उठून दिसतात. त्यांच्यामधली अक्षरे आखडतात, कधी जवळजवळ गिळली जातात. 'फोटोग्राफ' या शब्दात जोर पहिल्या अवयवावर असतो. 'फोटोग्राफर' म्हणताच तो दुसऱ्यावर सरकतो आणि 'ग्रा'मधला 'आ' विरून जातो. आपण मराठी माणसे प्रत्येक अक्षराला त्याचा हक्काचा वाटा देतो, म्हणून आमचे इंग्रजी व्याकरणशुद्ध असूनही परक्या कानाला सपाट वाटते. हा आघात नियम सांगून शिकवता येत नाही. तो अंगात भिनावा लागतो. ग्रॅहॅम यांनी त्यासाठी रोजच्या बोलण्यातलीच वाक्ये घेतली आणि ती टाळीच्या ठेक्यावर, दोन गटांत, प्रश्नोत्तराच्या रूपाने म्हणावयास लावली. तालासाठी बोलण्याची मोडतोड करायची नाही, हा त्यांचा दंडक आहे. त्यामुळे ही रचना बडबडगीतापासून वेगळी पडते. दोन गटांत आळीपाळीने स्तोत्रे म्हणण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांना ही रीत परकी वाटू नये.

परंतु नुसता ठेका असता तर ही घोकंपट्टीच राहिली असती. उदाहरणादाखल त्यांची झोपलेल्या बाळाची प्रसिद्ध रचना घ्यावी. बाळ झोपले आहे, आवाज करू नका, असे एकजण हळूच सांगतो. दुसऱ्याला ऐकू येत नाही. काय म्हणालात, असे तो विचारतो. पहिला पुन्हा सांगतो, किंचित मोठ्याने, वेगळ्या शब्दांत. असे होता होता विनंतीची आर्जवी भाषा चढत जाते, उद्धट आज्ञेपर्यंत पोहोचते आणि शांततेसाठी केलेल्या आरडाओरड्यानेच बाळ जागे होते. तेच वाक्य वारंवार म्हणवून घेणे ही भाषाशिक्षकाची गरज आहे. पण इथे पुनरुक्तीला कारण मिळाले आहे. समोरच्याला ऐकू आले नाही, म्हणून पुन्हा बोलावे लागते. त्या एका कारणापायी कवायतीचे नाट्य झाले. सौजन्य आणि उद्धटपणा यांमध्ये इंग्रजीत किती पायऱ्या आहेत हेही मुलांना कळते, तेही कोणी न समजावता. ग्रॅहॅम यांच्या सगळ्याच रचना या उंचीच्या आहेत असे म्हणवत नाही. काही केवळ व्याकरणाचा धडा टाळीवर बसवलेल्या आहेत; त्या म्हणून झाल्यावर हाती ठेक्याखेरीज काही उरत नाही.

मॅली आणि डफ यांची वाट निराळी. मॅली पुढे ब्रिटिश कौन्सिलच्या कामासाठी मद्रासला होते, तेव्हा आपल्याकडचे गच्च भरलेले वर्ग त्यांना अपरिचित नसावेत. नाट्य म्हणजे प्रेक्षकांपुढे पाठ केलेले नाटक नव्हे, हे दोघे आरंभीच बजावतात. त्यांना हवे आहेत छोटे नाट्यप्रसंग, ज्यांत विद्यार्थ्याला स्वतःचे काही घालावे लागते. त्यांतला हॉटेलचा प्रसंग मला विशेष आवडतो. एक मुलगा झाला बोलता न येणारा पाहुणा. आपली अडचण तो हावभावांनी सांगतो, आणि उरलेला वर्ग हॉटेलचा कारकून होऊन प्रश्न विचारीत ती ओळखतो. एकाचे मौन इतरांना बोलावयास भाग पाडते! इथेही बोलण्याला निमित्त आहे. राजा झालेल्या त्या मुलाला कोणी हे निमित्तच दिले नव्हते.

तथापि प्रेक्षकांना दिलेली ही सोडचिठ्ठी मला सर्वस्वी पटत नाही. येशूसंघाच्या १५९९ च्या शिक्षणसंहितेने शाळांतील नाटकांवर बंधने घातली: ती क्वचित व्हावीत, विषय पवित्र असावा आणि भाषा लॅटिनच असावी. त्या मुलांना लॅटिन ही परकीच भाषा होती, आणि ती त्यांनी प्रेक्षकांसमोर उभे राहून बोलली. मी स्वतः मराठी शाळेतून सेमिनरीत गेलो, तेव्हा एका इंग्रजी नाटकात माझ्या वाट्याला चार वाक्यांचा द्वारपाल आला. महिनाभराच्या तालमीत मी भिंतीला टेकून इतरांचे संवाद ऐकत उभा असे, कारण माझे वाक्य कुठे येते ते चुकवून चालणार नव्हते. माझ्या चार वाक्यांनी मला काही शिकवले नाही. शिकवले ते इतरांच्या चारशे वाक्यांनी. प्रयोगाची तारीख ठरली नसती तर मी इतके कान देऊन ऐकले असते असे वाटत नाही. दोष प्रेक्षकांचा नसतो, तालमीचा असतो. तिथे अर्थाची चर्चा झाली, प्रसंगी मराठीतून का होईना, तर रंगमंच भाषेचा शत्रू ठरत नाही.

उलट दिशेने गेलेल्या माणसाचे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. परक्या भाषेचा छंद त्यांनी असा आत्मसात केला की ओवी त्यांच्या हाती उपरी वाटत नाही. सांगण्याची निकड होती, म्हणून ओवीची साधना झाली.

गेल्या उन्हाळी सुटीत आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात सहावी-सातवीच्या मुलांबरोबर मी ती बाळाची रचना करून पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितले, हीच कल्पना घेऊन आपल्या घरातले काही करा. त्यांनी बाळाच्या जागी दुपारी झोपलेली आजी घेतली, आणि दंगा करणारा म्हणून अंगणात खाटेवर बसलेला, कानाने अधू आजोबा. ठेका जमला, टाळ्या जमल्या. पण गाडे शेवटच्या उद्धट आज्ञेपाशी अडले. आजोबांना असे बोलायचे नसते, असे एका मुलीने ठामपणे सांगितले, आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. मग सौम्य शब्द घालून पाहिले, तर रचना चढेचना. आजी काही जागी होईना. तासभर वाद चालला, अर्धा मराठीत, अर्धा तुटक्या इंग्रजीत. अखेर आजोबांच्या जागी थोरला भाऊ आला, आणि त्याच्यावर ओरडावयास सगळ्यांचीच तयारी होती.