नवगावचे उंचवटे आणि बिरड्याचा सण

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्रायल समाजाचा इतिहास १८९७ साली इंग्रजीत लिहिला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीव येथे. लेखक तोवर हयात नव्हते. मुंबईत १८७५ साली सुरू झालेल्या इस्रायली शाळेच्या संस्थापकांपैकी ते एक होते आणि आडनावाप्रमाणे मूळचे आपल्या किहीमचे. अलिबाग, रेवदंडा, कोर्लई या पट्ट्यात राहणाऱ्या आपणा ख्रिस्ती कुटुंबांना हा ग्रंथ परका वाटू नये. शेजारच्या आळीतील माणसांचा तो इतिहास आहे, आणि ती माणसे जुन्या करारातील आहेत.

ग्रंथाचा पाया एका दफनाच्या कथेवर उभा आहे. खांदेरी-उंदेरीच्या जवळपास गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. किनाऱ्याला लागलेली बाकीची प्रेते नवगाव येथे दोन उंचवट्यांखाली पुरली गेली, एकाखाली पुरुष आणि दुसऱ्याखाली स्त्रिया. प्रार्थनेची पुस्तके समुद्रात गेली. ‘शमा’ ही एकच प्रार्थना ओठांवर उरली. केहिमकर ही परंपरा आदराने सांगतात, तोवर वाचक त्यांच्याबरोबर असतो. पुढे मात्र ते तिला साल चिकटवतात : इसवी सनापूर्वी १७५. ॲन्टिओकस एपिफानेस गादीवर आला ते हे वर्ष. पुढे त्याने यहुद्यांचा जो छळ केला, त्याची हकीकत आपल्या बायबलातील मक्काबींच्या पुस्तकांत आहे. मंदिराच्या पुनःशुद्धीचा हनुक्का हा सण बेने इस्रायलांना ठाऊक नव्हता, म्हणजे ते त्या घटनेपूर्वीच निघाले असले पाहिजेत, अशी या मताची एक बाजू मांडली जाते.

हा युक्तिवाद लंगडा आहे. ज्या समाजाचे सारे ग्रंथ बुडाले असे त्याचीच परंपरा सांगते, त्याला एक सण आठवत नाही एवढ्यावरून शतक ठरवता येत नाही.

याच दशकात इजिप्तमध्ये काय चालले होते, ते येथे ध्यानी घेण्याजोगे आहे. फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९४-९५ साली नकादा येथे दोन हजारांवर थडगी उकरली. त्यांत राजांची नावे नव्हती, शिलालेख नव्हते. पेट्रींनी थडग्यांतील मडक्यांचे घाट पाहिले, एकाच्या मुठीतून दुसऱ्याची मूठ कशी निघाली ते ताडले, आणि त्यावरून थडग्यांचा क्रम लावला. सन-शक सांगता येत नसेल तर आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते एवढे तरी सांगावे, ही त्यांची शिस्त. त्याआधी काहून या कामगारांच्या वस्तीत त्यांना घराच्या जमिनीखाली पेट्यांत पुरलेली तान्ही मुले आढळली होती. इजिप्तचा सामान्य माणूस आपल्याला कळला तो अशा वस्त्यांतून. पिरॅमिडांतून तो कधीच कळला नसता.

केहिमकरांपाशी कुदळ-फावडे नव्हते, आणि पूर्वजांच्या कबरी त्यांनी उकराव्यात असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्यांच्यापाशी मडकी होती. ती स्वयंपाकघरात होती. ग्रंथाचा खरा ऐवज तेथेच आहे, आणि सणांची प्रकरणे वाचताना तो हाती लागतो. यहुदी पंचांगातील सणांना या समाजाने अस्सल आगरी-कोकणी नावे दिली होती. वर्षारंभी नव्याचा सण, त्यानंतर नव्या धान्याची आणि नारळाच्या रसाची खीर करून, धूप जाळून पाळावयाचा खिरीचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घेत, म्हणून तो दारफाळणीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक करावयाचा तो बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे असे. मोड आलेला वाल सोलीत बसलेल्या आपल्या आयांना मंदिराचा विध्वंस यापेक्षा जवळ आणून सांगणे कोणाला जमले असते?

सर्वांत बोलका आहे वल्हांडण. मिसरच्या दास्यातून सुटल्याची ही आठवण; त्या दिवसांत घरात खमीर नसावे ही निर्गमातील आज्ञा. पण तांदळाची भाकरी खाणाऱ्या घरात खमीर कोठून असणार? या लोकांनी आंबट रसाचे भांडे झाकून ठेवले आणि सणाला भांडे झाकण्याचेच नाव दिले. आज्ञेचे शब्द विसरले होते, तिचा अर्थ मात्र चुलीपाशी शाबूत होता. तेल गाळणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. डेव्हिड रहाबी याने त्यांना ओळखले ते मासळीवरून : बायकांनी खवले व पर असलेले मासे वेगळे काढले आणि उरलेले बाजूला सारले.

खुणा जपणाऱ्या या बायका कोण होत्या? केहिमकरांची कथा सांगते, गलबतातून वाचलेल्या सात स्त्रियांच्या लेकी. २०१६ साली प्रसिद्ध झालेला जनुकीय अभ्यास निराळे सांगतो. या समाजात पश्चिम आशियातील यहुदी अंश निश्चित आहे, म्हणजे परंपरा पोकळ नाही. पण तो मुख्यतः पित्यांकडून आलेला आहे; मातांचा वारसा बहुतांशी येथील. हा संकर सुमारे साडेसहाशे ते एक हजार वर्षांपूर्वीचा असावा, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे ज्या आज्यांनी बिरडे शिजवले, त्यांतील पुष्कळजणी याच मातीतल्या होत्या. परक्या देवाची आज्ञा त्यांनी आपल्या भांड्यांत उतरवून घेतली, आणि इतिहासात त्यांना जागा मिळाली ती बुडालेल्या जहाजातील बायकांच्या नावावर.

केहिमकरांना याचा दोष देता येणार नाही. जनुके वाचण्याचे शास्त्र तेव्हा नव्हते. परंतु ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल हा भेद त्यांच्या समाजात होता, काळ्यांशी गोऱ्यांचा रोटीबेटी व्यवहार नव्हता, आणि स्थानिक मातांची संतती असे काळ्यांविषयी बोलले जाई. शुद्ध उगमाच्या कथेला त्या घरात काय किंमत होती, हे यावरून कळते. सात जोडप्यांची कथा या भेदाच्या उजेडात पुन्हा वाचावी. कोर्लईच्या आपल्या लोकांविषयीही पोर्तुगीज सैनिकांची नावे सांगितली जातात. त्यांच्या घरांत ती बोली मुलांच्या कानी घालणाऱ्या येथल्या बायकांची नावे कोणी नोंदली नाहीत. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली त्या बोलीवर एक अख्खा ग्रंथ लिहिला. तो आणि केहिमकरांचा ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. क्रमाने आधी केहिमकर, आणि त्यांतही सणांची प्रकरणे आधी, उगमाचे प्रकरण मागाहून.