निवड करताना काय सुटतं? आयरिश निबंधसंग्रहांकडून एक धडा

मी विज्ञान शाखेचा. तरीही आज दोन आयरिश संग्रहांबद्दल लिहितोय. कारण लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आपण जे करतो, तेच संग्रहाचा संपादक करतो : काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवतो.

पहिलं उदाहरण 'फील्ड डे अँथॉलॉजी ऑफ आयरिश रायटिंग'. शेमस डीन यांच्या प्रमुख संपादनाखाली 1991 मध्ये याचे तीन खंड आले. चार हजारांहून जास्त पानं, सुमारे पंधराशे वर्षांचं लेखन. यात फक्त कविता-नाटकं नाहीत, तर राजकीय भाषणं, पत्रकं, निबंधही आहेत. वैचारिक गद्याला साहित्याच्या पंगतीत मानाने बसवलं, हे या ग्रंथाचं मोठं काम. पण खंडांचे संपादक सगळे पुरुष, आणि आत स्त्रियांचं लेखन अगदी थोडं. यावर प्रचंड टीका झाली. शेवटी 2002 मध्ये आठ स्त्री संपादकांनी केलेले चौथा आणि पाचवा असे दोन खंड निघाले. त्यात मौखिक परंपरा, धर्म, लैंगिकता असे विषय आले.

आता गंमत बघा. हे दोन खंड म्हणजे नुसती भरपाई नव्हती. स्त्रियांचं लेखन शोधायला गेल्यावर 'लेखन' कशाला म्हणायचं, ही व्याख्याच बदलावी लागली. म्हणजे पहिल्या वेळी नावं सुटली नव्हती, निकषच अपुरा होता. माझं मत विचाराल तर ही पुरवणी मूळ ग्रंथापेक्षा जास्त शिकवते. मात्र ती वेगळ्या खंडांत राहिल्यामुळे पहिले तीन खंड जसेच्या तसे उरले, ही तिची मर्यादा.

दुसरं उदाहरण ह्युबर्ट बटलर (1900–1991). किलकेनी परगण्यात राहून हा माणूस आयुष्यभर छोट्या नियतकालिकांत निबंध लिहीत राहिला. त्याचा पहिला निबंधसंग्रह 'एस्केप फ्रॉम द अँटहिल' लिलीपुट प्रेसने काढला तो 1985 मध्ये, म्हणजे लेखक पंच्याऐंशीच्या घरात असताना! निबंध तेच होते, पण एकत्र आल्यावर लोकांना लेखक दिसला.

बटलर वाचा तो त्याच्या पद्धतीसाठी. दुसऱ्या महायुद्धात क्रोएशियात ऑर्थोडॉक्स सर्बांचं सक्तीने धर्मांतर झालं. बटलर 1947 मध्ये झाग्रेबला गेला आणि ग्रंथालयात बसून युद्धकाळातली वर्तमानपत्रं, चर्चची नियतकालिकं चाळली. 1952 मध्ये डब्लिनच्या एका सभेत तो यावर बोलू लागला, तेव्हा पोपचे राजदूत उठून गेले. त्यानंतर जे वादळ उठलं त्यात, ज्या किलकेनी पुरातत्त्व मंडळाला त्यानेच पुन्हा उभं केलं होतं, तिथलं पद त्याला सोडावं लागलं. त्याच्याकडे कागद होते, पण ते कुणाला बघायचेच नव्हते.

दोषही सांगतो. बटलरचे निबंध शोधनिबंध नाहीत. संदर्भ जागोजागी मिळत नाहीत, आठवण आणि पुरावा एकमेकांत मिसळतात. व्हायवाच्या वेळी असं लिखाण टिकणार नाही. त्याच्याकडून घ्यायची ती चिकाटी, मांडणीची ढब नव्हे.

माझ्या रिव्ह्यूच्या पहिल्या मसुद्यात जवळपास सगळे पेपर इंग्रजी आणि गेल्या दहा वर्षांतले होते. गाइडनी एकच विचारलं, "बाकीचं काम झालंच नाही, की तुम्ही शोधलं नाही?" मी गप्प. कीवर्ड मीच निवडले होते आणि जे सापडलं, तेवढंच जग आहे असं धरून चाललो होतो.

म्हणून पेट, नेटची तयारी करता करता एक सवय लावून घ्या. रिव्ह्यूची यादी पूर्ण झाली की तिच्याखाली चार ओळी लिहा : मी कोणता निकष लावला आणि त्यामुळे कोण बाहेर राहिलं? फील्ड डेला हे उत्तर अकरा वर्षांनी, दोन खंडांत द्यावं लागलं. तुम्हाला ते पहिल्याच मसुद्यात देता येईल.